एनआयसीयूतली पहिली ड्युटी: हात कधी, कसे आणि किती वेळा

नर्सिंग करून थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात व्हेंटिलेटरला घाबरतात. मला वाटतं, घाबरायचंच असेल तर आधी स्वतःच्या हातांना घाबरावं. व्हेंटिलेटरचं काही बिनसलं की अलार्म तरी वाजतो. न धुतलेला हात बाळाला लागला तर काहीच वाजत नाही. दोन-तीन दिवसांनी बाळ दूध पचवेनासं होतं, आणि तोपर्यंत तो हात कुणाचा होता हे कुणालाच सांगता येत नाही.

कोल्हापुरातल्या युनिटमध्ये बाळं कुठकुठून येतात ते पहिल्याच दिवशी कळेल. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडी, घाट चढून आलेली कोकणातली, इकडून निपाणीकडची. सरकारी सीपीआर हॉस्पिटल असो की शहरातलं खाजगी हॉस्पिटल, बाहेर जन्मून आलेलं बाळ दोन-तीन जणांच्या हातातून आणि एका ॲम्ब्युलन्समधून आलेलं असतं. त्यात ते दिवस भरायच्या आधीचं असेल तर त्याची कातडी भिजलेल्या कागदासारखी असते, चिकटपट्टी ओढली तरी सोलून निघते. आईकडून मिळणाऱ्या रोगप्रतिकारक अँटिबॉडीज गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत येतात. तेवढा वेळच या बाळांना मिळालेला नसतो.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमध्ये २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय आघाडीवर होते, आणि त्यातल्या बऱ्याच जंतूंवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नव्हती. हे जंतू ओल्या सिंकवर, नळीच्या टोकावर, बाळाला उबेत ठेवायच्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) खिडकीच्या कडेला आरामात राहतात. तिथून बाळापर्यंत ते आपल्या हातावर बसून जातात.

घरून निघताना

नखं कापलेली हवीत. बोट समोर धरून तळव्याकडून बघितल्यावर नख दिसता कामा नये. नेलपॉलिश नको आणि चिकटवलेली नखं तर अजिबातच नकोत. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका एनआयसीयूत १९९७-९८ मध्ये स्यूडोमोनास या जंतूची साथ आली होती. तपासात कर्मचाऱ्यांच्या लांब आणि कृत्रिम नखांशी तिचा संबंध जोडला गेला. जंतू लागलेल्या बाळांपैकी सोळा दगावली.

अंगठी, घड्याळ, बांगड्या आणि मनगटाला बांधलेला देवाचा दोरा हे सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. अंगठीखालची कातडी कितीही घासली तरी नीट धुतली जात नाही. दोरा तर पहिल्या धुण्यात ओला होतो आणि ड्युटी संपेपर्यंत ओलाच राहतो. "देवाचा आहे" म्हणून कुणी अडलं तर तो गळ्यात किंवा दंडाला वर बांधता येतो, कोपराच्या खाली मात्र नको. मंगळसूत्र ड्रेसच्या आत घ्या. बाळावर वाकल्यावर ते पुढं लोंबतं आणि पेटीच्या काठाला घासतं.

सर्दी-खोकला, जुलाब, आलेले डोळे, बोटाला पिकलेली नखुरडी, ओठावर उठलेली पुळी, यातलं काहीही असेल तर फोन करून इन्चार्ज सिस्टरना सांगा. ड्युटी बदलून मिळाली नाही तरी त्यांना माहीत असलेलं बरं.

दारातली दोन मिनिटं

चप्पल बदलून, बाह्या कोपराच्या वर दुमडून सिंकपाशी जायचं. आत शिरताना साबण-पाण्याने दोन मिनिटं, कोपरापर्यंत. दोन मिनिटं किती असतात ते एकदा घड्याळ लावून बघा. आपल्याला वाटतात त्यापेक्षा ती बरीच जास्त असतात.

पायऱ्या ट्रेनिंगमध्ये 'सुमन-के' म्हणून पाठ करून घेतात: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. हिंदी आहे, पण डोक्यात बसतं. आधी तळव्यावर तळवा. मग तळवा दुसऱ्या हाताच्या पाठीवर, बोटांत बोटं घालून बेचक्यांसकट. मग मूठ करून बोटांच्या मागची बाजू. मग अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवायचा. मग पाचही बोटांची टोकं एकत्र करून दुसऱ्या तळव्यावर घासायची, म्हणजे साबण नखांखाली जातो. शेवटी मनगट, तिथून वर कोपरापर्यंत.

घाईत राहतात ते अंगठा आणि बोटांची टोकं. व्हेनफ्लॉन (शिरेत घालून ठेवायची बारीक नळी) धरायला, बाळाच्या तोंडातली नळी पकडायला, चिकटपट्टी सोडवायला आपण वापरतो ते नेमकं हेच. वेळ कमी पडला तर तळवे कमी चोळा, अंगठा आणि टोकं सोडू नका.

धुताना बोटं वर, कोपर खाली. पाणी कोपरावरून गळलं पाहिजे. नळ कोपराने चालणारा असेल तर कोपरानेच बंद करा. साधा नळ असेल तर हात पुसलेल्या कागदाने तोटी धरून बंद करा, कारण ती आपण घाण हाताने उघडलेली असते.

आता पुसणं. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज दुसरीकडं जातात, म्हणून धुण्याइतकंच कोरडं करणंही महत्त्वाचं. खुंटीला टांगलेला एकच टॉवेल सगळ्यांनी वापरायचा असेल तर हात न धुतलेले परवडले. पुष्कळ ठिकाणी वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे कापून, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात. एक हात एका तुकड्याने, दुसरा दुसऱ्याने, आणि तुकडा बादलीत. 'पुढारी'च्या जुन्या अंकाने हात पुसताना नव्या मुलींना हसू येतं, पण ही पद्धत स्वस्त आहे आणि चांगली आहे. फक्त ड्रमचं झाकण ओल्या हाताने उघडू नका आणि उरलेले तुकडे परत आत टाकू नका.

लिक्विड सोपची बाटली अर्धी झाली की वरून भरायची सवय असते. तसं करू नये. बाटली पूर्ण संपू द्यायची, धुवून वाळवायची, मग भरायची. साबणातसुद्धा जंतू वाढतात.

एक गोष्ट सांगून ठेवते. दारातल्या धुण्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. तिथं तक्ता लावलेला असतो, इन्चार्ज सिस्टर बघत असतात. बाळाला खरा धोका आहे तो आत गेल्यानंतरच्या सहा-आठ तासांत.

बाळापाशी

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग सांगितले आहेत. बाळाला हात लावण्याआधी. सुई, नळी, इंजेक्शन असं निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, शी-शू, उलटी यांच्याशी संबंध आल्यावर. बाळाला हात लावून झाल्यावर. आणि बाळाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. परीक्षेत हे पाचही सगळ्यांना येतात. ड्युटीवर त्यांचा गोंधळ होतो.

गोंधळ टाळायला मी नव्या मुलींना एक रेघ मनात आखायला सांगते. पेटी किंवा वॉर्मर (बाळाला ऊब देणारा उघडा बिछाना), त्यातलं बाळ, त्याच्या नळ्या, तारा, चादर हे रेघेच्या आत. मॉनिटर, सिरिंज पंप, फाईल, पेन, ट्रॉली, फोन, तुमचा चष्मा, तुमचं नाक हे सगळं बाहेर. बाहेरून आत हात जाण्याआधी रब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर. आतून बाहेर आला की रब.

हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. नऊचं फीड द्यायचंय. तुम्ही रब केला, पेटीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, बाळाची मान सरळ केली. तेवढ्यात पल्स ऑक्सिमीटर ओरडायला लागला. एक हात बाहेर काढून तुम्ही मॉनिटरचं बटण दाबलं, आवाज बंद केला, आणि तोच हात परत खिडकीतून आत गेला. सगळं मिळून चार सेकंद. त्या बटणाला सकाळपासून रेसिडेंट, टेक्निशियन, मावशी, शेजारच्या बेडची सिस्टर, सगळ्यांची बोटं लागलेली असतात. दारातल्या दोन मिनिटांचा हिशोब इथं संपला. बाळाने श्वास थांबवला असेल तर अर्थातच आधी बाळ. पण बहुतेक वेळा बाळाला लावलेला ऑक्सिमीटरचा प्रोब सैल झालेला असतो, आणि रब करायला वीस सेकंद असतात.

रब घेताना तळहाताचा खळगा भरला पाहिजे, साधारण ३ मिली. दोन थेंब घेऊन हात चोळल्यासारखं करणं म्हणजे नुसता वास. पायऱ्या धुण्याच्याच, २० ते ३० सेकंद, हात आपोआप कोरडा होईपर्यंत. फुंकर मारू नका, हात झटकू नका, ड्रेसला पुसू नका. हाताला दिसेल अशी घाण, रक्त किंवा शी लागली असेल तर रब चालत नाही. तिथं साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. रबची बाटली प्रत्येक बेडला हवी. चार पावलं चालावं लागत असेल तर रात्री तीन वाजता कुणी चालत नाही. आपल्या बेडची बाटली ड्युटीच्या सुरुवातीलाच हलवून बघा.

ग्लोव्हजबद्दल थोडक्यात. ग्लोव्हज हात धुण्याच्या बदल्यात नसतात. घालण्याआधी रब, काढल्यावर रब, आणि एका बाळाचा ग्लोव्ह दुसऱ्या बाळाला कधीच नाही. ग्लोव्ह घालून फाईल लिहिणारी सिस्टर दिसली तर समजा, ते ग्लोव्ह तिच्यासाठी आहेत, बाळासाठी नाहीत.

कमी वेळा हात लावा

हे कुणी तक्त्यावर लिहीत नाही, पण मला ते सगळ्यात कामाचं वाटतं. दर अर्ध्या तासाला पेटी उघडली तर दर वेळी दोनदा रब हवा, आणि माणूस कधीतरी चुकतोच. म्हणून कामं एकत्र बांधा. तापमान, कुशी बदलणं, व्हेनफ्लॉन बघणं, फीड, लंगोट हे एकाच खेपेला करा. बाळालाही सलग झोप मिळते. क्रम ठेवा स्वच्छाकडून घाणीकडं: आधी डोळे, तोंड, मग लाइन (शिरेत जाणारी नळी), मग फीड, लंगोट शेवटी. लागणारं सगळं आधी ट्रेमध्ये काढून ठेवा. हात आत असताना "अगं, जरा स्पिरिट स्वॅब दे" म्हणायची वेळ आली तर तयारी कमी पडली.

सलाइन, व्हेनफ्लॉन, औषधं

जंतू रक्तात शिरायला सगळ्यात जवळची वाट इथून जाते. प्रत्येक वेळी औषध देण्याआधी हब, म्हणजे जिथं सिरिंज जोडतो ते तोंड, स्पिरिट स्वॅबने पिळल्यासारखं १५ सेकंद घासायचं आणि सुकू द्यायचं. सुकण्यातच अर्धं काम होतं. घासून लगेच ओल्यावर सिरिंज लावली तर घासण्याला अर्थ राहत नाही.

सलाइनच्या बाटलीत हवेसाठी सुई खोचून ठेवायची आपल्याकडं जुनी सवय आहे. व्हायलच्या (औषधाच्या छोट्या बाटलीच्या) बुचात सुई तशीच ठेवून "पुढच्या डोसला बरं" हीसुद्धा. दोन्ही बंद. ती सुई म्हणजे बाटलीला पाडलेलं उघडं भोक. उघडलेल्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची, २४ तास झाले की अर्धी उरली तरी टाकायची. एका बाटलीतून सगळ्या बाळांना फ्लश, म्हणजे लाइनमधून ढकलायचं सलाइन, भरायचा नाही. औषधं सिंकच्या कडेला बसून बनवू नका. नळाचे तुषार कुठवर उडतात ते एकदा कोरडा कागद ठेवून बघा.

व्हेनफ्लॉन रोज बघा: लाली, सूज, ओलेपणा. आणि राउंडला विचारा, "सर, ही लाइन अजून हवी आहे का?" नको असलेली लाइन काढणं हा संसर्ग टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पेटी आणि वस्तू

स्टेथोस्कोप, थर्मामीटर, टेप प्रत्येक बाळाचं वेगळं. पेटीचं ॲक्रिलिक रोज साबणाच्या पाण्याने पुसायचं, स्पिरिटने नाही. स्पिरिटने ते पांढुरकं होतं आणि बारीक चिरतं, मग त्या चिरांत काय बसेल ते बसेल. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी निर्जंतुक हवं आणि रोज बदलायचं, वरून भर घालायची नाही. फॉर्मॅलिनची धुरी देऊन खोली 'शुद्ध' करायची पद्धत आता शिफारशींत नाही. पाहुण्यांना गाउन घालण्याने बाळांचा संसर्ग कमी होतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. गाउन घातला की लोकांना हात धुतल्यासारखं वाटतं, तो तोटा मात्र खरा.

मोबाईल आत आणायचाच असेल तर तो रेघेच्या बाहेरचा, हे विसरू नका.

आई, आज्जी आणि अंगारा

आईला पाहुणी समजू नका. बाळाच्या अंगावर कुणाचे तरी जंतू बसणारच आहेत. हॉस्पिटलचे बसण्यापेक्षा आईच्या कातडीवरचे बसले तर बरे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवस न भरलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू केअर (बाळाला आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवणं) सुरू करायला आणि रोज ८ ते २४ तास द्यायला सांगितलं आहे. आईने रोज आंघोळ करावी, धुतलेले कपडे घालावेत, हात आपल्यासारखेच धुवावेत. छातीला पावडर, बाम, तेल लावू नये. दूध काढताना हात धुतलेले, वाटी उकळलेली. पहिल्या दिवसांचा चीक थेंबभर निघाला तरी टाकायचा नाही. बोंडलं किंवा वाटी-चमचा प्रत्येक बाळाचा स्वतंत्र, दर फीडनंतर धुऊन उकळलेला. दुधाची बाटली नकोच.

हिरव्या बांगड्यांवर हमखास अडतं. आईची काढायची तयारी असते, पण सासूबाई बाहेर बसलेल्या असतात. म्हणून हे आधी आज्जींना सांगा, मग आईला. आज्जींनी स्वतःहून "काढ गं, पदरात बांधून ठेव" म्हटलं की प्रश्न मिटतो.

अंगाऱ्याचंही तसंच. "बाई, ज्योतिबाचा गुलाल हाय, कपाळाला नुसता टेकव की," असं आज्जी म्हणतात तेव्हा त्यांना जंतूंवर भाषण देऊ नका. मी म्हणते, "आज्जी, पुडी सुनेच्या उशाशी ठेवा. बाळ घरी आलं की पहिल्यांदा तुम्हीच लावा." नरसोबाच्या वाडीचा अंगारा, अंबाबाईचं कुंकू, सगळ्याला हेच उत्तर चालतं. काजळ, कानात तेल, मध, गुटी यांना मात्र घरी गेल्यावरही नको म्हणून सांगायचं, आणि का ते समजावून सांगायचं.

पुराच्या दिवसांत

इथं काम करायचं तर हेही माहीत हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले; बाहेर सगळीकडं पाणी, प्यायला टँकर. अशा वेळी दिसेल अशी घाण नसेल तर रबवर पूर्ण भिस्त ठेवता येते. त्यामुळं पावसाळ्याच्या तोंडी रबचा साठा वाढवून घ्यायचा. साठवलेलं पाणी झाकणाच्या, तोटी असलेल्या पिंपात ठेवायचं, मग बुडवून काढायची वेळ येत नाही. टबमध्ये पाणी भरून त्यात सगळ्यांनी हात बुचकळणं तर न धुण्यापेक्षा वाईट. वाहतं पाणी हवं, मग ते मावशींनी तांब्याने ओतलेलं का असेना.

मोठ्यांना सांगणं

राउंडला मोठे डॉक्टर एका बाळावरून दुसऱ्यावर तसेच जातात, असं कधीतरी होतं. नव्या सिस्टरने काय बोलावं? जास्त काही बोलू नका. रबची बाटली उचलून समोर धरा आणि "सर, रब" एवढंच म्हणा. आजवर कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही. मावशी आणि मामांना सांगताना मात्र "धुवा" म्हणून हुकूम सोडू नका. झाडू-फडकं तेच हाताळतात, त्यांना सिंकपाशी नेऊन शेजारी उभं राहून एकदा दाखवा.

हातांची कातडी

दिवसाला इतक्या वेळा धुतल्यावर कातडी फुटते, आणि फुटलेल्या कातडीत जंतू जास्त राहतात. गरम पाणी टाळा. साबणाने धुतल्यावर लगेच वर रब चोळू नका, दोन्ही एकदम लागत नाहीत. ड्युटी संपल्यावर आणि झोपताना क्रीम लावा. ड्युटीवर खोबरेल तेल नको, तेलाने लेटेक्सचे ग्लोव्हज खराब होतात. भेगांतून रक्त यायला लागलं तर लपवू नका, रब बदलून मिळतो.

तरीही संसर्ग झाला तर

छोट्या बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. फीड पचत नाही, नळीतून हिरवट येतं, पोट फुगतं, श्वास मध्येच थांबतो, रंग मळकट दिसतो, हात लावल्यावर नेहमीसारखं आखडत नाही. आकडे ठीक असतानाही "बाळ कालच्यासारखं वाटत नाही" एवढं सांगायला डॉक्टरांना बोलवता येतं, आणि बोलवावं. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं, निदान १ मिली, नव्या शिरेतून. आधीपासून असलेल्या व्हेनफ्लॉनमधून ओढायचं नाही. हात धुऊन निर्जंतुक ग्लोव्हज, कातडी पुसून सुकू द्यायची आणि त्यानंतर तिथं पुन्हा बोट लावून शीर चाचपायची नाही. बाटलीचं बूच स्पिरिटने पुसायचं, लेबलवर वेळ लिहायची आणि बाटली लगेच लॅबला पाठवायची. फ्रिजमध्ये ठेवायची नाही.